पणजोबा कागदावर शोधायचे तर आधी गाव तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतं ते बघा

उदगीर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, सध्या नोकरीसाठी पुण्यात असतात. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: "माझे पणजोबा रझाकारीच्या वर्षी घरातून गेले ते परत आलेच नाहीत. कुणी म्हणतं सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले, कुणी म्हणतं तुरुंगात वारले, कुणी काहीच बोलत नाही. मागच्या वर्षी आजी गेली, तिच्या पेटीत एक उर्दू कागद सापडला. त्यावर १३४६ असा आकडा आहे, बाकी काही वाचता येईना. लातूरला कलेक्टर ऑफिसात विचारलं तर एवढं जुनं इथं नाही म्हणाले. चुलते म्हणतात जुनं कशाला उकरून काढायलीस, हिस्सा पाहिजे का. आजोबांची एक बहीण भालकीला आहे, लई म्हातारी झालीय. मला फक्त पणजोबा कोण होते आणि कुठं गेले एवढं कळायला पाहिजे. सुरुवात कुठून करू?"

ताई, लातूरला नाही म्हणाले त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तुमचे पणजोबा गेले तेव्हा, म्हणजे १९४८ ला रझाकारांनी (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी) धुमाकूळ घातला तेव्हा, लातूर जिल्हाच नव्हता. तो झाला १९८२ साली, उस्मानाबादेतून फुटून. आणि उदगीर तर त्या काळी उस्मानाबादेतपण नव्हतं, निजामाच्या राज्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा हे तीन तालुके बीदरपासून तोडून मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले, बीदर शहर गेलं म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात, मग १९६० ला आपण महाराष्ट्रात. म्हणजे एकाच गावाला ह्या काळात बीदर, उस्मानाबाद, लातूर असे तीन जिल्हे लागले आणि हैदराबाद, मुंबई, महाराष्ट्र अशी तीन राज्यं. आपल्याकडं लोक पूर्वजांचा शोध घ्यायला निघतात आणि पहिल्याच ऑफिसातून रिकाम्या हातानं परत येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. माणसाचं नाव घेऊन जातात पण त्या साली गाव कुणाच्या हाताखाली होतं ते कुणी बघत नाही.

हे फक्त उदगीरचं नाही म्हणून इतर वाचकांसाठीपण सांगते. हिंगोलीवाल्यांनी १९९९ च्या आधीचं परभणीत शोधायचं, जालन्यावाल्यांनी १९८१ च्या आधीचं बहुतेक औरंगाबादेत, किनवट तर आदिलाबाद जिल्ह्यातून आलेलं आहे, आणि उलट मुधोळ-भैंसा हा नांदेडचा भाग होता तो १९५६ ला आंध्रात गेला, आज तेलंगणात आहे. त्यामुळं एका कागदावर साल आणि त्या साली तालुका, जिल्हा, राज्य असं लिहून काढा आणि मगच कुणाच्या दारात जायचं ते ठरवा.

तुमच्या बाबतीत ढोबळ हिशोब असा की शेतीचं दप्तर साधारण तालुक्यालाच राहतं, म्हणजे उदगीर तहसीलची रेकॉर्ड रूम आणि भूमी अभिलेखचं उपअधीक्षक कार्यालय. पण कोर्टाचा निकाल, तुरुंग, अपील, वरिष्ठांकडचा पत्रव्यवहार हे जिल्ह्याच्या आणि राज्याच्या पातळीवरचं काम, ते त्या काळी बीदर, गुलबर्गा, हैदराबाद असं जायचं. निजामाच्या राज्याचं मोठं दप्तर आजही हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे, फारसी-उर्दूतलं. तिथं मात्र शेवटी जायचं, हातात साल, गाव आणि खात्याचं नाव असल्याशिवाय तिथं जाऊन उपयोग नाही.

आता पेटीतला कागद. १३४६ हे फसली साल असणार, म्हणजे निजामाच्या राज्यात सरकारी कामात चालायचं ते. हैदराबाद राज्यात फसलीत ५९० मिळवले की इंग्रजी साल निघतं, आणि ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून १३४६ फसली म्हणजे १९३६-३७. महिने पण वेगळे होते, आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे, त्यामुळं वाचणाऱ्यानं महिन्याचं नाव सांगितलं तर बिचकू नका. पणजोबा गेले ते रझाकारीचं वर्ष फसलीत १३५७ पडतं, हा आकडा पाठच करून ठेवा, कुठल्याही जुन्या रजिस्टरात तुमची नजर आधी त्यावर गेली पाहिजे. म्हणजे पेटीतला कागद ते जायच्या दहा-अकरा वर्षं आधीचा आहे. ते कुठं गेले हे त्यात निघणार नाही, पण ते कोण होते, त्यांच्या वडलांचं नाव काय, कसलं खरेदीखत होतं का कर्जाचा कागद होता, शेजारी कोण, साक्षीदार कोण एवढं निघू शकतं आणि ते काय कमी नाही. रकमेपुढं हाली सिक्का लिहिलंय का कलदार तेपण विचारून घ्या, निजामाचा रुपया वेगळा आणि इंग्रजाचा वेगळा, साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव होता.

कागद लॅमिनेट करू नका, कृपा करून. लोक जपण्यासाठी म्हणून करतात आणि कागद कायमचा जातो. दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, शिक्क्याचा वेगळा जवळून काढा. आणि वाचायला कुणालाही देऊ नका. छापील उर्दू वाचणारे उदगीरला घरोघरी मिळतील पण जुनी दफ्तरी उर्दू शिकस्ता म्हणजे घाईच्या, अक्षरं जोडलेल्या वळणात लिहिलेली असते, ती सगळ्यांना लागत नाही. तहसील, कोर्ट किंवा रजिस्ट्री ऑफिसात उर्दू दप्तर हाताळलेले म्हातारे कारकून, वकिलांचे जुने मुन्शी अजून कुठं कुठं आहेत, त्यांना गाठा. पाटवारी-कुलकर्ण्यांचे गावपातळीवरचे कागद मोडीत असतात, त्याला वेगळा माणूस लागेल.

एक फार महत्त्वाची गोष्ट, जुन्या दप्तरात आडनाव शोधत बसू नका. तिथं माणूस 'अमुक वल्द तमुक' असा असतो, म्हणजे अमुकचा मुलगा एवढंच, आडनाव पुष्कळदा नसतंच किंवा असलं तर दर ठिकाणी वेगळं. म्हणून तुम्हाला पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वडलांचं नाव अशी जोडी लागणार. ही जोडी हातात आली की अर्धं काम झालं. आणि आपल्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळं एकाआड एक पिढीत तेच नाव फिरतं, दोघांना एक समजून साठ वर्षांचा घोळ होतो. साल जुळल्याशिवाय आपला माणूस म्हणायचं नाही.

ही जोडी सांगणारं आज कोण आहे तर भालकीच्या आत्याआजी. ऑफिसच्या आधी तिकडं जा, भालकी कर्नाटकात असली तरी उदगीरहून काय लांब नाही. जाताना वहीत प्रश्न लिहून न्या पण लगेच वही उघडून बसू नका, आधी स्वयंपाकाचं, माहेरचं, सणाचं बोलू द्या. "पणजोबा कसे वारले" असं विचारलं तर म्हातारी माणसं सत्तर वर्षं सांगत आलेलं तेवढंच सांगतात. त्याऐवजी विचारा की आई कुंकू लावायची का, आणि कधीपर्यंत लावायची. नवरा बेपत्ता झालेल्या बाईनं कुंकू कधी पुसलं हे घरातल्या मुलीला नक्की आठवतं, कारण त्या दिवशी घरात काय तरी झालेलं असतं, कुणी तरी बातमी आणलेली असते किंवा भावकीनं बसून ठरवलेलं असतं. ती बातमी कुणी आणली, कुठल्या गावाहून आणली, हा तुमचा पहिला धागा. मग विचारा की त्यांच्यासाठी काही विधी केला का. अंगण सोडून गेलेल्या आणि प्रेत न मिळालेल्या माणसासाठी आपल्याकडं घरात काही अडलं, लग्न जमेना, मूल राहीना की त्र्यंबकेश्वराला नारायण नागबळी करायला सांगतात. तुमच्या घरातून कुणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंद असायची दाट शक्यता आहे.

ह्या नामावळीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते कारण लोकांना ह्याची किंमत कळत नाही. त्र्यंबक, नाशिक, पैठण, काशी, प्रयाग, गया सगळीकडं उपाध्यायांकडं पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत, यजमान आला की गाव, आडनाव, कुळ विचारून आपल्या वाट्याचा असेल तर नवीन नोंद करतात, नसेल तर ज्याचा असेल त्याच्याकडं पाठवतात. त्यात आलेल्या माणसाचा बाप, आजा, भाऊ, मुलं, बऱ्याच वेळा बायकांचीही नावं लिहिलेली असतात, जुनी नोंद मोडीत आणि खाली आलेल्या माणसाची सही नाहीतर अंगठा. सरकारी दप्तरात शेतसारा भरणारा तेवढा दिसतो, इथं घर दिसतं. जिची सात पिढ्यांत कुठं नोंद नाही अशी पणजीची सासू इथं नावानिशी सापडते. जाताना तुमच्या गावाचं जुनं नाव, तालुका उदगीर जिल्हा बीदर असंच सांगा, आणि दक्षिणा आधी ठरवून घ्या.

आता तहसील. तुमचा सगळ्यात कामाचा कागद मला वाटतं १९५४-५५ चं खासरा पत्रक. मराठवाड्यात शेताचं जुनं काहीही काढायचं तर ह्याच्यापासनं सुरुवात करतात. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव आणि कसणाऱ्याचं नाव दिसतं. तुमचे पणजोबा १९४८ ला गेले, पत्रक सहा-सात वर्षांनंतरचं. त्यात मालक म्हणून त्यांचंच नाव असेल आणि कसणारा म्हणून भाऊ किंवा दुसरा कुणी, तर घरच्यांनी तोवर त्यांना मेलेलं धरलेलं नव्हतं. मालकाच्या जागी पणजीचं नाव असेल, किंवा आजोबांचं नाव आणि पुढं अ.पा.क. म्हणून आईचं, तर तोवर वारस लागलेले होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, आणि बाईच्या नावापुढं भ्र. असलं तर ते भ्रतार, नवऱ्याचं नाव. मालकाच्या जागी भलतंच नाव असेल तर मधल्या काळात विकलं, गहाण गेलं किंवा कुणी बळकावलं, ते वेगळं शोधावं लागेल.

मग वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, काढा. तलाठ्याकडं किंवा तहसीलच्या रेकॉर्डला नक्कल अर्ज करायचा, गाव, सर्व्हे नंबर, अंदाजे साल टाकून. फेरफाराच्या मजकुरात कारण लिहिलेलं असतं. नुसतं 'मयत' लिहिलंय का 'बेपत्ता', किती वर्षांपासून, जबाब कुणी दिला, पंच कोण, हे अक्षर न अक्षर उतरवून घ्या. कायद्यानं सात वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर तो वारला असं धरता येतं, म्हणून १९५५-५६ च्या आसपासचा फेरफार निघाला तर घरच्यांना नक्की काही कळलेलं नव्हतं, वर्षं भरायची वाट बघितली असा अर्थ निघू शकतो. आणि १९४९-५० लाच मयत म्हणून नोंद असेल तर कुणाला तरी तारीख माहीत होती. आत्याआजीनं सांगितलेलं कुंकवाचं साल ह्याच्या शेजारी ठेवून बघा. एकट्या कागदावर विसंबू नका, फेरफारातली मृत्यूची तारीख जमिनीच्या सोयीनं घातलेली असू शकते.

हातातल्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल आणि जुन्या कागदात सर्व्हे नंबर, तर घाबरू नका, एकत्रीकरणात नंबर बदलले. भूमी अभिलेखकडं एकत्रीकरणाचं पत्रक मागा, त्यावरनं कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते लागतं. ऑनलाइन आपले अभिलेख पोर्टलवर गाव टाकून आधी बघून घ्या, स्कॅन झालेलं असेल तर घरबसल्या मिळेल. २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातलं निजामकालीन दप्तर चाळलं गेलं, त्यातल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आल्यात. त्या कुणबी नोंदींसाठी काढलेल्या आहेत, सगळं गाव त्यात नाही, पण तुमच्या तालुक्यात कुठली रजिस्टरं अजून शाबूत आहेत हे त्यावरनं लगेच कळतं. ते बघून मगच अर्ज लिहा.

आणि समजा शेत नव्हतंच, तर? जमीन कुळानं कसत असतील तर १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याखालचं संरक्षित कुळांचं रजिस्टर बघा. इनाम असेल तर मुंतखब (इनाम कायम केल्याचा सरकारी कागद) आणि विरासतीची म्हणजे वारसाहक्काची फाइल, तिच्यात वारस ठरवण्यासाठी वंशावळ जोडलेली सापडते. काहीच नसेल तर कोतवाल बुक म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, आणि आजोबांच्या शाळेचं प्रवेश-निर्गम. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी अंदाजे टाकलेली, तिच्यावर हिशोब मांडू नका, जन्मगावाचा रकाना बघा. पणजी नवरा गेल्यावर मुलं घेऊन माहेरी राहिली असेल तर आजोबांचं नाव तुमच्या गावच्या शाळेत मिळणारच नाही, तिच्या माहेरच्या शाळेत मिळेल. जनगणनेचे घरोघरचे फॉर्म मात्र आपल्याकडं खुले होत नाहीत, कायद्यानंच गुप्त आहेत, त्यामागं वेळ घालवू नका.

कॅम्प आणि तुरुंगाचं. त्या वर्षी निजामाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते राज्याच्या हद्दीबाहेर सोलापूर, बार्शी, उमरखेड अशा ठिकाणच्या कॅम्पात होते, आणि पकडलेले कितीतरी गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. पुढं सरहद्द कॅम्पवाल्यांनाही स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन मिळालं. त्या पेन्शनच्या फायलीत बरोबरच्या माणसांची प्रमाणपत्रं जोडावी लागायची, कोण कुठल्या कॅम्पात कुणाबरोबर होतं ते. तुमच्या पणजोबांची फाइल नसेल, पण तुमच्या किंवा शेजारच्या गावातल्या ज्यांना पेन्शन होतं त्यांच्या फायलीत पणजोबांचं नाव येऊ शकतं. त्यांच्या घरी जा, फायलीची प्रत बहुतेक घरात जपून ठेवलेली असते, ताम्रपटाबरोबर. नाही मिळाली तर कलेक्टर ऑफिसात आरटीआय टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. वीस वर्षांपेक्षा जुन्या गोष्टीची माहिती नाकारायला त्यांच्याकडं फार थोडी कारणं उरतात, अर्जात कलम ८(३) लिहा.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते ताई, मनाची तयारी असू द्या. घरात चालत आलेली गोष्ट आणि कागद जुळतीलच असं नाही. १९४८ ला रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, आणि सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाल्यावर, म्हणजे भारतीय फौज हैदराबाद राज्यात आल्यावर, मुसलमानांची पण फार माणसं मारली गेली, त्याच्या चौकशीसाठी आलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेडबरोबर बीदरचं नाव घेतलंय आणि उदगीर तेव्हा बीदरातच होतं. तुमचे पणजोबा लढायला गेले असतील, नुसते जीव वाचवायला पळाले असतील, कुठं दुसरीकडं संसार थाटला असेल, किंवा असं काही बघितलं-केलं असेल की परत तोंड दाखवावं वाटलं नाही. घरात 'कुणी काहीच बोलत नाही' असं तुम्ही लिहिलंय, ते लक्षात ठेवा. जे निघेल ते तसंच लिहून ठेवा, गोड करू नका. आणि गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीपण विचारा, त्यांच्याकडंही त्या वर्षाची आठवण आहे, आणि तुमचा उर्दू कागद वाचणारं माणूस बहुधा तिथनंच मिळेल.

राहिले चुलते. त्यांची भीती खोटी नाही, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आलाय आणि जुना फेरफार मागणारी पोरगी दिसली की घरात पाल चुकचुकते. म्हणून त्यांच्या पाठीमागं तहसीलला जाऊ नका, तलाठ्याकडनं त्यांना त्याच दिवशी कळणार आणि मग कायमचं बिनसणार. आधी जाऊन सांगा की काका, मी आजोबांच्या वडलांचं नाव शोधायलेय, तुम्ही बरोबर चला. निघालेल्या प्रत्येक नकलेची झेरॉक्स त्यांना द्या. पण एक, "मग हक्कसोडपत्रावर सही कर, विषय मिटला" असं कुणी म्हणालं तर सही करू नका. शोध वेगळा आणि हक्क वेगळा, एकासाठी दुसरा सोडायचं काही कारण नाही, आणि ते घेण्या-सोडण्याचा विचार तुम्ही वकिलाला विचारून सावकाश करा.

तर आधी भालकी, मग चुलते, मग उदगीरचं खासरा पत्रक आणि फेरफार, त्र्यंबक नंतर. फेरफाराची नक्कल हातात आली की कारणाचा मजकूर आणि जबाब देणाऱ्याचं तुमच्याशी काय नातं आहे तेवढं मला लिहून पाठवा, त्यावरनं पुढं बीदरला जायचं का सोलापूरकडं ते ठरवू.